घोट्याची पाठराखीण

या, असे जवळ या. खांबाला टेकलेल्यांनी थोडं पुढे सरकावं, म्हणजे दारात उभ्या असलेल्यांना आत यायला वाट होईल. पायातलं बाहेर काढलंत ना? मग निवांत मांडी घाला. आज तुम्हांला एका बुटाची गोष्ट सांगतो. बुटाची म्हटल्यावर हसू नका. हा बूट इतका मायाळू होता, की त्याच्या मायेपायी एक पोरगी चालायचंच विसरत चालली होती. ती पुन्हा कशी चालली आणि तिला कुणी चालवलं, ते सांगतो. गोष्ट अजून घडायची आहे, बारा-पंधरा वर्षांनी घडेल. पण रामाच्या कृपेने शेवट गोड आहे, म्हणून घडून गेल्यासारखी सांगतो. मधे थोडं शास्त्र येईल. कीर्तनात पूर्वरंग येतो ना, तेवढंच. जांभई येण्याआधी आटपेन.

तर कऱ्हाडला, कृष्णेच्या घाटावर, रामाचं एक देऊळ. देवळाच्या सभामंडपात दर गुरुवारी संध्याकाळी कीर्तन. आणि मंडपाच्या दाराशी, चपलांच्या लाकडी फळ्यांपाशी, सोपानअण्णा सातपुते. वय एकाहत्तर. उभा जन्म हाताने बूट-चपला बांधण्यात गेला. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी आरी खाली ठेवली आणि लोकांची पायताणं सांभाळायची सेवा मागून घेतली. "आत येऊन बसा की अण्णा," असं सगळे म्हणायचे. अण्णांचं ठरलेलं उत्तर : "हितनं बुवांचा आवाज झ्याक येतो. आन् चपला कोण बघंल, तुमचा बाप?"

चपला ते नुसत्या सांभाळायचे नाहीत, वाचायचे. जोड हातात घ्यायचा, उलटा करायचा, तळावरून अंगठा फिरवायचा.

"काय हो काकू, उजवा गुडघा दुखतोय न्हवं?"

"अगंबाई! तुम्हांला कुणी सांगितलं?"

"तुमच्या टाचेनं. आतनं झिजलीया."

अण्णांची धाकटी मुलगी हेमांगी. बापाच्या मांडीला मांडी लावून लाकडी कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चामडं ताणायला शिकली. मग कॉलेजात जाऊन पायाची हाडं, सांधे, शिरा शिकली. ओगलेवाडीच्या रस्त्यावर तिची कार्यशाळा होती, 'पदन्यास' नावाची. खेळाडूंचे बूट बनवायची. तिचा स्वतःचा लग्न-संसार नव्हता. तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी वैजयंती बाराव्या वर्षी खो-खो खेळायला म्हणून कऱ्हाडला आली आणि मावशीकडेच राहिली. आई नाशिकला नर्स. फोन रोज यायचा, पण वेणी घालायला, डबा भरायला आणि ओरडायला मावशीच.

खो-खो तुम्हांला ठाऊकच आहे. चौकात उकिडवं बसायचं, पाठीत 'खो' बसला की त्या क्षणी उसळायचं, सुसाट सुटायचं आणि खांबाला हात घालून गर्रकन वळायचं. त्या वळणावर सगळं अंग एका घोट्यावर येतं. वैजयंतीचा डावा घोटा सतराव्या वर्षी मुरगळला. अठराव्या वर्षी पुन्हा, तोच, तिथेच. डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलं, "तिसऱ्यांदा गेला तर शस्त्रक्रिया. आणि मग खो-खो प्रेक्षकांत बसून बघायचा."

त्या दिवशी पोरगी रडली नाही. मावशी रडली, मोरीत जाऊन, नळ सोडून.

आता पूर्वरंग. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाला हाड बांधून ठेवणारे तीन पट्टे असतात. त्यातला पुढचा सर्वांत नाजूक. पाऊल आत दुमडलं, की हाच आधी तुटतो. त्याला ताणून तुटायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. आपलं शरीर काही झोपलेलं नसतं. त्या पट्ट्यांत आणि सांध्याभोवतीच्या कातडीत बारीक मज्जातंतू असतात. ते 'पाऊल वाकडं पडतंय' असा निरोप वर पाठवतात. निरोप पाठीच्या कण्यापर्यंत जातो, तिथून पोटरीच्या बाहेरच्या स्नायूला हुकूम येतो, तो आवळतो आणि पाऊल सरळ करतो. पण या जाण्यायेण्याला सेकंदाचा बारावा-चौदावा भाग लागतो. म्हणजे मदत निघते, पण पोचते तेव्हा घर जळून गेलेलं असतं. एरवी आपण वाचतो ते घोटा सावध असतो म्हणून. पाऊल टेकायच्या आधीच तो अंदाज घेतो, थोडा ताठ होतो. दोनदा मार खाल्लेल्या घोट्याचा तो अंदाजच चुकायला लागतो.

हेमांगीने काय केलं? दोन्ही बुटांत तळव्याखाली तीन ठिकाणी दाब मोजणारे कण बसवले आणि घोट्याभोवती एका खास धाग्याचा पट्टा विणला. एरवी हा पट्टा मऊसूत, धुतलेल्या धोतरासारखा. पण कणांकडून इशारा आला की तो पापणी लवायच्या आत लाकडासारखा ताठ व्हायचा, पाऊल सावरायचा आणि पुन्हा मऊ. शरीराच्या हुकमाच्या कितीतरी आधी. घालणाऱ्याला कळायचंही नाही. बूट वैजयंतीच्या चालीवरून शिकत जायचा. पोरगी कुठे चुकते ते त्याला तिच्याआधी कळायला लागलं.

हेमांगीने नाव ठेवलं पाठराखीण. नव्या नवरीसोबत सासरी जाते, तिला एकटं वाटू देत नाही, ती.

"नाव ब्येस हाय," अण्णा म्हणाले, आणि आणखी काही बोलणार होते, पण तेवढ्यात मृदंगावर थाप पडली आणि ते कीर्तनात बुडाले.

दोन वर्षं घोटा मुरगळला नाही. संघातल्या बाकीच्या अकरा मुलींनीही तेच बूट घेतले. त्यांचेही घोटे शाबूत. हेमांगीला झोप लागायला लागली.

पण मायेला पुरे कुठे कळतं? बूट मैदानावर होता, रस्त्यावर होता. आपल्याकडे तो उंबऱ्याशी निघतो. घरात पोरगी अनवाणी. ओल्या फरशीवर पाय गेला तर? जिन्यात चुकला तर? म्हणून हेमांगीने सहा महिने खपून त्याच पट्ट्याचा, त्याच कणांचा पातळ मोज्यांचा एक जोड विणला. घरात घालायचा. बूट काढला की मोजा चढवायचा. अंघोळीची पाच मिनिटं सोडली तर वैजयंतीचा घोटा वर्षभर एकटा म्हणून राहिला नाही. झोपेतसुद्धा.

"मावशे, झोपेत कशाला? स्वप्नात खेळते की काय मी?"

"तुझा काय भरवसा! परवा झोपेत 'खो' म्हणून मला लाथ घातलीस."

याच सुमाराला एका गुरुवारी अण्णांनी वैजयंतीचे बूट उलटे करून हेमांगीपुढे धरले.

"हे बघ. डावा आन् उजवा, दोन्ही तळ सारखं झिजल्यात. पालिश कागदानं घासल्यागत."

"मग? किती तोलात चालते बघा पोरगी!" हेमांगी फुलून म्हणाली.

"माणूस असं झिजवत न्हाई गं. चाक झिजवतंय."

"अण्णा, तुमच्या वेळचे बूट नाहीत हे." ती हसली आणि आत गेली. अण्णांनी बूट फळीवर ठेवले, पण बराच वेळ त्यांचा अंगठा त्या तळावरून हलला नाही.

पुढे चैत्रात रामनवमीचा उत्सव आला. त्यानंतर नऊ आठवड्यांनी पुण्याला देशाच्या संघाची निवड होती, म्हणून वैजयंतीच्या हाती आरतीचं तबक द्यायचं ठरलं. ती मंडपाच्या दाराशी आली, बूट काढले आणि पिशवीतून मोजे काढायला लागली.

"ते नगं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हे चामड्याचे नाहीत."

"चामड्याचं कोण म्हणतंय? यंत्र हाय त्ये. देवापुढं आपल्या पायानं जायाचं. चार पावलं तर हायती!"

वैजयंतीने मावशीकडे बघितलं. हेमांगीने खांदे उडवले. मंडपाची फरशी सपाट, कोरडी, वर्षानुवर्षं पायांनी गुळगुळीत झालेली. काय होणार होतं?

चौथ्या पावलाला वैजयंती पडली.

ठेच नाही, ओलावा नाही, कुणाचा धक्का नाही. पाऊल फरशीवर टेकलं आणि टेकलंय हे जणू तिला कळलंच नाही. तबक घणघणत खांबापर्यंत गेलं, निरांजन विझलं, उत्सवासाठी आलेल्या कीर्तनकार बाई हात जोडून पुढे धावल्या. हेमांगी आधी घोट्यापाशी पोचली. सूज नव्हती. मुरगळला नव्हता. देवाने राखलं होतं. पण पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मावशे, मला खालची जमीनच सापडली नाही गं."

दाराशी अण्णा चपलांच्या फळीला धरून उभे होते. "म्या पाडली," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी प्रसादही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यशाळेत हेमांगीने वैजयंतीला मोजे काढून एका पायावर उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. घोट्याची जाण तपासायची ही अगदी साधी रीत. धडधाकट तरुण माणूस अर्धा मिनिट सहज उभा राहतो. वैजयंती डाव्या पायावर चार सेकंद राहिली.

"दुखावलेला आहे तो," हेमांगी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "आता उजवा."

उजव्यावर पाच.

उजवा घोटा तर कधी मुरगळलाच नव्हता. म्हणजे दुखापत नाही, बूट. आपला बूट! तोच बूट आणखी अकरा पोरी घालतात. अकरा पोरींचे बावीस घोटे!

तिने बारा वाजायच्या आत संघातल्या सगळ्यांना बोलावून घेतलं. का ते सांगितलं नाही. एकेकीला उभं केलं. पहिली पोरगी चाळीस सेकंद उभी राहिली आणि वर विचारते, "ताई, डोळे उघडू का? खाज आलीय नाकाला." दुसरी पस्तीस. तिसरी तर पडेचना, हेमांगीनेच थांबवलं. अकराव्या पोरीचे चव्वेचाळीस झाले तेव्हा हेमांगी स्टुलावर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

"ताई, काय झालं? आम्ही नापास?"

"नाही गं बायांनो. चहा प्या आणि जा."

अकराजणी बऱ्या, एकटी वैजयंती अशी. बूट तोच, मैदान तेच. असं का? दुपारभर ती पडद्यावर आकडे बघत बसली. उत्तर तिथे नव्हतं. उत्तर संध्याकाळी घरी आलं, अण्णांच्या रूपाने, काखेत वैजयंतीचे बूट धरून.

"हेमे, येक इचारू? पाठराखीण सासरी किती दिस ऱ्हाते?"

"चार-पाच दिवस. का?"

"आन् मंग?"

"मग परत जाते."

"तुझ्या आईसंगं तिची मावशी आल्ती. पोरीला पानी आनू देईना, चुलीम्होरं बसू देईना. पाचव्या दिशी मावशी परतली. तुझी आई दोन दिस रडली. तिसऱ्या दिशी तिनं भाकरी थापली. करपली. आमी खाल्ली." अण्णांनी बूट जमिनीवर ठेवले. "मावशी गेलीच नसती, तर तुझ्या आईनं त्यो तवा कवा हाती धरला असता?"

हेमांगीच्या डोळ्यांपुढे उंबरे यायला लागले. बाकीच्या अकराजणी घरी येतात, उंबऱ्याशी बूट काढतात, अनवाणी पाणी भरतात, जिना चढतात, मैत्रिणीकडे जातात, तिथे पुन्हा काढतात, देवळात काढतात. दिवसातून दहा वेळा पाठराखीण माहेरी जाते आणि घोटा एकटा पडतो. एकटा पडला की तो आपला आपण निरोप पाठवतो, आपला आपण हुकूम मागतो. वैजयंतीच्या घोट्याला मात्र ती संधी कधी मिळालीच नाही. प्रत्येक निरोप निघायच्या आत बुटाने नाहीतर मोज्याने काम उरकलेलं. वर्षभर निरोपाचा काही उपयोगच होत नाही म्हटल्यावर मेंदूने तिकडे कान देणं सोडून दिलं. मंडपात यंत्राचा टाळ वाजायला लागला तर टाळकऱ्याच्या हातात टाळ राहतील, पण ताल जाईल. तसंच हे.

बूट दोषी नव्हता. दोषी होता तो मोजा. आणि मोजा विणला होता मावशीच्या भीतीने.

"मज्जातंतू मेलेले नाहीत," ती हळूच म्हणाली. "नुसते गप्प झालेत. बोलायला लावलं तर बोलतील. पण अण्णा, अनवाणी चालवायची आणि त्यातच मुरगळला तर? तिसरी वेळ आहे ती."

"मुरगळंल का न्हाई, मला ठावं न्हाई. तुला ठावं हाय का?"

"नाही."

"मंग पोरीलाच इचार. घोटा तिचा हाय."

दाराआडून वैजयंती म्हणाली, "पोरगी ऐकतेय सगळं." मग ती आत आली, खाली बसली, दोन्ही मोजे उतरवले आणि मावशीच्या मांडीवर ठेवले. "मला भीती वाटते, मावशे. पण काल फरशीवर जशी वाटली तशी नको. खेळताना वाटते तशी चालेल."

पहिले तीन आठवडे घरात. भिंतीला धरून, मग एका बोटाने भिंतीला शिवून, मग भिंतीशिवाय. गादीवर, वाळूच्या पाटीत, पायपुसण्यावर. एका पायावर उभं राहून दात घासायचे. पहिल्या दिवशी आरशावर टूथपेस्ट. अण्णा तिच्याशेजारी एका पायावर उभे राहायचे आणि दर वेळी तिच्या आधी पडल्यासारखं करायचे.

"अण्णा, मुद्दाम पडता तुम्ही."

"एकाहत्तराव्या वर्षी कोन मुद्दाम पडतंय? दात घास."

चार सेकंदांचे अकरा झाले. अकराचे एकोणीस. मग आठ दिवस एकोणिसावरच अडलं आणि घरात कुणी कुणाशी नीट बोलेना. मग एका सकाळी सव्वीस.

पाचव्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "आता घाट."

घाटाच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, एकसारखी एकही नाही. एक इकडे कललेली, एक तिकडे, एक मधेच खोलगट. सूर्य नुकताच वर आला होता. हेमांगी खाली पाण्याशी उभी राहिली. अण्णांनी तिला बजावलं होतं, "हात फुडं करायचा न्हाई. हात दिसला की ती हाताकडं बघंल, पायरीकडं न्हाई." म्हणून तिने हात पाठीमागे बांधले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की पुढे दोन दिवस तिथे निळं राहिलं.

वैजयंती उतरायला लागली. पाचवी पायरी. नववी. चौदाव्या पायरीवर डावं पाऊल कललेल्या कडेवर पडलं आणि आत वळलं. हेमांगीला दिसलं. तिने हात पाठीमागेच ठेवले. पण पोरीच्या पोटरीचा बाहेरचा स्नायू टचकन वर आला, पाऊल थरथरलं आणि सरळ झालं. आपलं आपण.

वैजयंती तिथेच थांबली. खाली वाकून आपल्या घोट्याकडे बघत राहिली. अनेक वर्षांनी कुणी ओळखीचं भेटावं तशी.

"मावशे! ह्यानं केलं! मी नाही, ह्यानं केलं!"

हेमांगी मटकन पायरीवर बसली. अर्धी पाण्यात.

निवडीला अजून चार आठवडे होते. तेवढ्यात हेमांगीने बूट नव्याने घडवला. आता पाऊल वाकडं पडू लागलं की पट्टा लगेच ताठ होत नसे. आधी घोट्याच्या बाहेरच्या कातडीला मुंगी चावावी तेवढा हलकासा झटका देई, नुसती हाक. घोटा जागा होऊन सावरला, तर बूट गप्प बसे. अगदी शेवटच्या क्षणाला, आता तुटेलच असं झालं, तरच आवळे. आणि चार दिवस सलग घातला की पाचव्या दिवशी तो आपोआप झोपी जाई. मग घालणाऱ्याने काढलाच पाहिजे. कुणी विचारलं तर हेमांगी सांगे, "माहेरी गेलाय." मोजे मात्र तिने कात्रीने उसवले. त्याच धाग्यांची अण्णांसाठी एक पिशवी विणली, टाळ ठेवायला.

पुण्याला मैदानाच्या कडेला ती मांडीवर पडदा घेऊन बसली. बुटाने किती वेळा हाक दिली, किती वेळा आवळलं, सगळं तिथे उमटत होतं. शेजारी अण्णा जपमाळ ओढत. दुसऱ्या डावात वैजयंतीला 'खो' मिळाला, ती उसळली, खांबाकडे सुटली आणि खांबाला हात घालून अशी वळली, की मैदानभर आवाज झाला. डावं पाऊल जमिनीला जवळजवळ आडवं गेलं. पडद्यावर 'हाक' उमटलं. हेमांगीने डोळे मिटले. उघडले, तेव्हा वैजयंती पळणाऱ्या पोरीच्या पाठीवर हात टेकवून परत येत होती.

"आवळला का?" अण्णांनी विचारलं.

"नाही."

"येकदाबी?"

तिने पडदा त्यांच्यापुढे धरला. अण्णांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून वाचून दाखवलं. पूर्ण सामन्यात हाक सात वेळा. आवळ शून्य.

संघाची यादी संध्याकाळी वाचली. वैजयंतीचं नाव नववं आलं. आठ नावं होईपर्यंत हेमांगीने अण्णांची अर्धी जपमाळ ओढून टाकली होती.

त्यानंतरच्या गुरुवारी कऱ्हाडला कीर्तन होतं. वैजयंती मंडपाच्या दाराशी आली, उंबऱ्याबाहेर बूट काढले आणि अण्णांच्या हातात दिले. अण्णांनी जोड उलटा केला. तळावरून अंगठा फिरवला. डाव्याची बाहेरची कड जरा झिजली होती. उजव्याचा अंगठ्याखालचा भाग. दोन्ही तळ वेगवेगळे.

"हां," अण्णा म्हणाले. "आता वळखली."

मग ती आत गेली. आपल्या पायाने, आरतीचं तबक घेऊन, चौथं पाऊल, पाचवं, सहावं, थेट रामापुढे. एक ज्योतही हलली नाही. दाराशी अण्णांनी पायताणं फळीवर नीट लावली आणि भिंतीला टेकून कीर्तन ऐकायला डोळे मिटले.

गोष्ट संपली. आता उठाल, बुक्का लावाल, बाहेर जाल आणि आपापली पायताणं जागच्या जागी सापडतील. मागणं एवढंच आहे : ती पायात घालण्याआधी क्षणभर थांबा. तुम्ही आत ऐकत होतात तेव्हा दाराशी बसून जो तुमची पायताणं राखत होता, त्याची आठवण करा. पायांनी जमलं तर त्याच्यापर्यंत चालत जा. अनवाणीच.